घड्याळजींची पाच हजार पावलं

घड्याळजींनी आयुष्यात हजारो घड्याळं चालती केली, पण स्वतः चालायचं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. पंचेचाळीस वर्षं त्यांनी उंच स्टुलावर बसून, उजव्या डोळ्याला भिंग लावून काढली होती. घर पहिल्या मजल्यावर आणि दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर. कामाला जायचं म्हणजे अठरा पायऱ्या उतरायच्या, घरी यायचं म्हणजे अठरा चढायच्या. "चालायचं ते घड्याळानं. माणसानं बसून ते चालतंय का बघायचं," असं ते म्हणत, आणि हे तत्त्व त्यांनी इतक्या निष्ठेनं पाळलं की चौऱ्याहत्तराव्या वर्षी डॉक्टरांनी त्यांचे पाय दाबून पाहिले आणि सांगितलं, "गोळ्या देतो, पण खरं औषध चालणं."

हे ऐकून सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्यांच्या लेकीला. लेक दूर देशी नोकरीला. इथे पहाट व्हायची तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची. दोन वर्षांपूर्वी आई गेल्यापासून ती घड्याळजींना आपल्याकडे न्यायला टपलेली होती आणि घड्याळजी जागचे हलायला तयार नव्हते. खिडकीपाशी त्यांचं कामाचं टेबल होतं, टेबलाला एकवीस छोटे कप्पे होते, आणि कोणत्या कप्प्यात कोणता स्क्रू आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. हे सगळं सोडून परक्या घरात पाहुण्यासारखं बसायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती.

लेकीनं मनगटावर बांधायचं एक घड्याळ पाठवून दिलं. पावलं मोजणारं, नाडी मोजणारं, माणूस कुठे कुठे हिंडला त्याचा नकाशा काढणारं, आणि हे सगळं तत्क्षणी लेकीच्या फोनवर पोहोचवणारं. वर फोनवरून ताकीदही दिली.

"रोज पाच हजार पावलं, बाबा. झाली तर तुम्ही तिथे राहा, मी काही बोलणार नाही. आठवडाभर झाली नाहीत तर मी येणार, घराला कुलूप लावणार आणि तुम्हाला घेऊन जाणार."

घड्याळजींनी ते घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं. चावी नाही, काटे नाहीत, पाठीमागे उघडायला झाकण नाही. "याला घड्याळ म्हणायचं तर मला पैलवान म्हणा," ते पुटपुटले. तरी पहिल्या दिवशी त्यांनी ते बांधलं आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. चारशे बारा पावलांवर त्यांना धाप लागली आणि घड्याळानं थरथरून 'शाब्बास' असं लिहिलं. घड्याळजींना तो आपला अपमान वाटला.

बाहेर जाऊन चालायचं तर आणखी पंचाईत. त्यांनी दुकान बंद केल्यावर त्या जागी चालण्याच्या बुटांचं दुकान आलं होतं. चालायला बूट लागतात एवढं घड्याळजींना समजत होतं. पण रस्त्यावर चालायला वेगळे, टेकडीवर चालायला वेगळे आणि चालून आल्यावर पायांना आराम द्यायला आणखी वेगळे, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. दुकानदार एकदा त्यांना म्हणाला होता, "काका, हा नुसता बूट नाही, हा एक अनुभव आहे." घड्याळजी म्हणाले, "अनुभव माझ्याकडे पुष्कळ आहे. तळ किती दिवस टिकतो ते सांग." या दुकानासमोर रोज पहाटे एक टोळी जमायची. एकाच रंगाचे सदरे, कमरेला पाण्याच्या बाटल्या, दोन्ही हातांत काठ्या. घड्याळजींनी त्यांना 'पायदळ' असं नाव ठेवलं होतं. पायदळ अर्धा तास चालायचं आणि तासभर त्याबद्दल बोलायचं. त्यांच्यात मिसळण्यापेक्षा लेकीकडे गेलेलं बरं, असं क्षणभर घड्याळजींच्याही मनात आलं.

आणि मग त्यांना टेलरबाई आठवल्या.

टेलरबाई त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, एकट्या. दिवसाचे दहा तास शिवणयंत्रावर. पायदळाचे सदरे त्यांनीच शिवले होते. पण पायदळानं "आमच्यात या" म्हटल्यावर त्यांनी मान हलवून नकार दिला होता. त्या पहाटे साडेपाचला एकट्या निघायच्या, साध्या कापडी बुटांत, आणि तासाभरानं परत यायच्या. वाटेत कोणी हाक मारली तरी थांबायच्या नाहीत. "दिवसभर गिऱ्हाइकांची मापं आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी," त्या म्हणायच्या, "तेवढा एक तास माझा आहे. त्यात मला कोणी नको."

घड्याळजी अठरा पायऱ्या चढून वर गेले. दम खाऊन त्यांनी सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे तुमच्या वाटचं मी चालायचं?" टेलरबाईंनी विचारलं.

"तुम्ही चालताच. माझ्यासाठी वेगळं काही करू नका. हातात फक्त हे असू द्या."

"आणि लेकीला काय सांगणार?"

"ती कुठे विचारते? तिला आकडा दिसला की झालं."

टेलरबाईंनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या शेजारात या माणसानं कधी कशासाठी शब्द टाकला नव्हता. उलट त्यांच्या भिंतीवरचं घड्याळ न सांगता येऊन दुरुस्त करून जायचा. "बरं," त्या म्हणाल्या. "पण चालताना ते माझ्याशी बोलणार असेल तर मला चालायचं नाही."

घड्याळ बोलत नव्हतं, पण थरथरायचं आणि उजळायचं. दुसऱ्याच दिवशी टेलरबाईंनी त्याच्या तोंडावर एक कापडी टोपडं शिवून घातलं. टोपड्याच्या आत ते काय वाटेल ते लिहू दे.

असं सगळं सुरळीत सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात सरासरी आठ हजार पावलं. लेकीचा आनंद गगनात मावेना. पण घड्याळजींचा अंदाज चुकला होता, ती विचारत होती. रोज सकाळी टेलरबाई परत आल्या की थोड्याच वेळात फोन यायचाच.

"बाबा, आज पाण्याच्या टाकीकडून गेलात? तिथे चढ आहे ना हो?"

"आहे थोडा. काही वाटत नाही आता."

खोटं बोल पण रेटून बोल, हे एकदा सुरू केलं की अर्ध्यावर सोडता येत नाही. घड्याळजी रोज टेलरबाईंकडून रस्ता विचारून घेऊ लागले. टेलरबाई मुळातच मोजक्या बोलणाऱ्या. त्या दारातूनच सांगायच्या, "टाकी, शाळा, मागचा रस्ता, परत," आणि घड्याळजी ते कागदावर उतरवून फोनची वाट पाहत बसायचे. शाळेच्या भिंतीला नवा रंग दिला का, मागच्या रस्त्यावरची झाडं तोडली का, असलं काही लेकीनं विचारलं की त्यांची धांदल उडायची. "माझं लक्ष पायांकडे असतं," असं ते सांगायचे. "तेच बरोबर आहे," लेक म्हणायची, आणि त्या वेळी तिचा आवाज इतका खूश असायचा की घड्याळजींना स्वतःची लाज वाटायची. ती लाज दुपारपर्यंत टिकायची.

दुसऱ्या महिन्यात एक दिवस लेकीनं विचारलं, "आज शाळेजवळ दहा मिनिटं थांबलात ते?"

घड्याळजींच्या कागदावर थांबल्याचं काही नव्हतं. "ओळखीचं कोणीतरी भेटलं," ते म्हणाले. फोन ठेवल्यावर मात्र ते विचारात पडले. टेलरबाई रस्त्यात कोणाशी बोलायला थांबतील, हे शक्यच नव्हतं. त्यांनी वर जाऊन विचारलं तर टेलरबाई म्हणाल्या, "बुटाची नाडी सुटली होती." नाडी बांधायला दहा मिनिटं लागत नाहीत, एवढं न चालणाऱ्या माणसालाही कळतं. पण घड्याळजी गप्प बसले. आपलं खोटं सांभाळणाऱ्या माणसाला खोटं कसं पाडायचं?

त्यानंतर चार दिवसांनी लेकीचा फोन भलत्याच वेळी आला.

"बाबा, छातीत दुखतंय का? घाम आलाय का?"

"मला? मी टेबलाशी बसलोय."

"घड्याळानं मला इशारा पाठवलाय. तुमचे ठोके अनियमित पडताहेत. आज चालताना, आणि परवासुद्धा. तुम्ही आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. मी त्यांना फोन केलाय, ते वाट बघताहेत."

रिक्षातून डॉक्टरांकडे जाईपर्यंत घड्याळजींना खरोखरच घाम फुटला होता. डॉक्टरांनी छातीला तारा लावून लांबलचक पट्टी काढली, मग आणखी एक काढली. शेवटी हसून म्हणाले, "काका, पाय काही म्हणोत, हृदय तुमचं पंचविशीतलं आहे. घड्याळ खराब असेल."

लेकीच्या जिवात जीव आला. घड्याळजींच्याही आला. घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि टेबलाशी बसले, पण डॉक्टरांचं ते वाक्य काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. घड्याळ खराब असेल. पंचेचाळीस वर्षं हे वाक्य त्यांनी रोज ऐकलं होतं. माणूस उशिरा पोहोचायचा, गाडी चुकवायचा, आणि दुकानात येऊन घड्याळ आपटायचा. उघडून बघावं तर दहातल्या सहा वेळा आतलं सगळं ठीक असायचं. नव्या गड्यांना ते शिकवायचे, "घड्याळावर आळ घेण्याआधी ते कोणाच्या हातात होतं ते विचार."

कोणाच्या हातात होतं?

घड्याळजींनी कप खाली ठेवला. वर टेलरबाईंचं यंत्र चालू होतं. आयुष्यभर टिकटिक ऐकलेला तो कान. ते यंत्र लांब शिवण घालतंय की काज करतंय, हे त्यांना खालून कळायचं. आज त्यांनी पहिल्यांदाच लक्ष देऊन ऐकलं. यंत्र मधेच थांबत होतं. धागा तुटल्यावर थांबतं तसं नाही. थांबायचं, बराच वेळ गप्प राहायचं, आणि मग हळूहळू सुरू व्हायचं. हे कधीपासून चाललं होतं कोण जाणे. घड्याळजींना फार वाईट वाटलं. आपल्या डोक्यावर एक यंत्र अडखळत होतं आणि आपण कागदावर रस्ते पाठ करत होतो.

ते वर गेले. "हात द्या," ते म्हणाले.

"काका, हे काय?"

"द्या हो."

त्यांनी तीन बोटं टेलरबाईंच्या मनगटावर टेकवली आणि डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार. मग दोन ठोके एकमेकांच्या अंगावर आले. मग मोठी पोकळी. मग घाई. असली चाल त्यांनी पाण्यात पडलेल्या घड्याळांत ऐकली होती.

"शाळेजवळ काय झालं होतं? खरं सांगा."

टेलरबाई म्हणाल्या, "डोळ्यांपुढे अंधारी आली. पायरीवर बसले. आता बरी आहे." आणि लगेच, "मी रोज सहा किलोमीटर चालते, काका. मला काय धाड भरलीय?"

तरी दुसऱ्या दिवशी त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या, घड्याळजींनी जवळजवळ ढकलतच पाठवलं म्हणून. पण हा आजार मोठा लबाड. तो दवाखान्यात दडून बसला. नाडी सरळ, पट्टी सरळ. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज चालता ना? उत्तम. थकवा असेल." मोठ्या रुग्णालयात दाखवायचं तर अडीच महिन्यांनंतरची तारीख. "चालताना काय होतं त्याची काही नोंद असती तर लगेच पाठवलं असतं," असंही त्या म्हणाल्या. टेलरबाई शक्तीच्या गोळ्या घेऊन परत आल्या आणि यंत्रावर बसल्या.

नोंद होती. दोन महिन्यांची, ठोक्या-ठोक्याची. ती लेकीच्या फोनवर होती आणि तिच्यावर घड्याळजींचं नाव होतं.

घड्याळजी त्या संध्याकाळी जेवले नाहीत. टेबलाचे एकवीस कप्पे त्यांनी एकेक करून उघडले आणि बंद केले. खरं सांगितलं तर लेक पुढच्या विमानानं येणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. ज्या बापानं दोन महिने रोज सकाळी तोंडावर खोटं सांगितलं, त्याला कोणती लेक एकटा ठेवील? मग त्यांनी वाट काढायचा प्रयत्न केला, कारण भित्र्या माणसाला आधी आडवाटच सुचते. नोंद आपल्याच नावानं मागवावी, टेलरबाईंना द्यावी, नावाचं पुढे बघता येईल.

सकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज म्हणून विचारलं, "ती ठोक्यांची नोंद मला कागदावर पाठवता येईल का गं?"

"कशाला? ती चुकीची आहे, बाबा. मी कंपनीकडे तक्रार केली, ते नवीन घड्याळ देताहेत. जुनं सगळं आत्ता पुसूनच टाकते. बघितलं की उगाच भीती वाटते."

"पुसू नकोस."

"का?"

वर यंत्र थांबलं होतं. घड्याळजी ते सुरू व्हायची वाट पाहत राहिले. ते सुरू झालं नाही.

"ते हृदय माझं नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. टोपड्यासकट, कागदासकट, शाळेजवळच्या दहा मिनिटांसकट. शेवटी तिनं विचारलं, "त्यांचं पूर्ण नाव आणि वय सांगा." घड्याळजींनी सांगितलं. अर्ध्या तासात सगळी नोंद आली, वर लेकीनं सही करून लिहिलेलं पत्र, की या तारखांना हे घड्याळ माझ्या वडिलांच्या नव्हे, या बाईंच्या हातात होतं. बापाला उद्देशून एक शब्द नव्हता.

टेलरबाईंना रिक्षात बसवून घड्याळजी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी ते कागद पाहिले आणि टेलरबाईंना घरी जाऊच दिलं नाही. मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी नंबर लागला. तिथे सांगितलं, की हृदयाची चाल अधूनमधून बिघडते, तेवढ्यात रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली असती तर रस्त्यातच आडव्या झाल्या असत्या. औषधं सुरू झाली. चौथ्या दिवशी टेलरबाई घरी आल्या. महिनाभरानं पुन्हा चालायला परवानगी होती, सावकाश. "एकटीनं चाललं तर चालेल का, हे मी सगळ्यात आधी विचारलं," त्या घड्याळजींना म्हणाल्या, आणि जिना चढताना पहिल्यांदाच त्यांचा हात धरून चढल्या.

त्या चार दिवसांत लेकीचा फोन आला नाही. घड्याळजींनी माळ्यावरून बॅग काढली, पुसली आणि पलंगाखाली ठेवली. पकडायला येणार हे माहीत असलेल्या माणसानं तयारीत असावं.

पाचव्या दिवशी सकाळी, नेहमीच्या वेळी, फोन वाजला.

"टेलरबाई कशा आहेत?"

"बऱ्या आहेत. तुझ्यामुळे वाचल्या."

"हं." "बाबा, मी रोज काय करायचे माहीत आहे? माझं काम सुटायचं त्याच वेळी तुम्ही निघायचात. आधी मी बसनं घरी जायचे. तुमचा ठिपका हलायला लागला तशी मीही चालत जायला लागले. तुम्ही टाकीकडे वळलात की मी पुलावर चढायचे. मला वाटायचं, आपण बरोबर चालतोय. मी बोलायचेसुद्धा तुमच्याशी, मनातल्या मनात. कामावरचं सगळं सांगायचे."

"टेलरबाईंना चालताना कोणी बोललेलं आवडत नाही," असं काहीतरी घड्याळजींच्या तोंडून निघून गेलं.

ती हसली. हसता हसता तिचा आवाज चिरकला. "एक दिवससुद्धा तुम्ही नव्हतात?"

दोन महिने त्यांनी हिला बिनदिक्कत काय वाटेल ते सांगितलं होतं. त्यातलं कोणतंच सांगताना जीभ इतकी जड झाली नव्हती.

"नव्हतो," ते म्हणाले.

"तुम्हाला इकडे आणायचं म्हणते ते तुमची काळजी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. तसं नाहीये ते. मला इथे कोणी नाही, बाबा. दार उघडते तर आत कोणी नसतं."

दोन वर्षं ही पोरगी एकच गोष्ट मागत होती आणि दोन वर्षं घड्याळजी ती धमकी समजून तिच्यापासून लपत होते.

"मग असं म्हणायचं होतंस," ते म्हणाले.

"आला असतात?"

"नसतो आलो," त्यांनी खरं तेच सांगितलं. "आता येतो. पण घर विकायचं नाही, आणि माझ्या टेबलाला कोणी हात लावायचा नाही. तीन महिने राहीन. मग पुढचं पुढे."

पलीकडे ती रडत असावी. घड्याळजींनी तिला रडू दिलं. मग घसा खाकरून विचारलं, "तुझ्या कामापासून घर किती लांब?"

"चार हजार पावलं."

"माझ्याच्यानं नाही व्हायची."

"पूल मधोमध आहे. मी तिकडून येते, तुम्ही घराकडून पुलापर्यंत या. दोन हजार."

घड्याळजींनी आपल्या पायांकडे पाहिलं.

"चालेल," ते म्हणाले.